उरलेले दोन दिवस

"पहिल्यांदाच जाताय का, काका?" सहली ठरवून देणाऱ्या बाईने नकाशा उलगडत विचारलं.

"नाही. मागच्या वर्षी जाऊन आलोय," शिलाई मशीनचा मेकॅनिक म्हणाला.

"अरे वा! काय काय बघितलंत?"

तो आठवू लागला. विमानतळ. पोलीस ठाणं. हॉस्पिटलचं मागचं दार. मग एक कचेरी, तिथे पाच ठिकाणी सह्या कराव्या लागल्या होत्या. डोंगरही असतीलच, पण त्याने मान वर केली नव्हती.

"कामासाठी गेलो होतो," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मुलीने आखलेला बेत होता तो. पाय घरात ठरायचा नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. चौदा महिन्यांपूर्वी ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर त्या डोंगरातल्या एवढ्याशा देशात चार दिवस फिरायला गेली. दुसऱ्या दिवशी तळं बघून परतताना त्यांची गाडी ओल्या वळणावर घसरली. मैत्रिणी वाचल्या. तिच्या सामानाबरोबर हा कागद परत आला. राजवाडा, जुना पूल, तळं, या तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

लोक आले, बसले, गेले. पंधरवड्याने मेकॅनिक कारखान्यात आणि बायको शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला जाऊ लागली. स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची. भाजीत मीठ पडलंय की नाही, यावर कुणी बोलायचं नाही. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तिचे दोन दिवस राहिलेत."

तो "हं" म्हणाला.

बायकोच्या भावाला कळलं तेव्हा तो तडक घरी आला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? जखमेवरची खपली कशाला काढायची? भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"अरे, तुला चल म्हटलंय का मी?" एवढंच ती म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

आता सहलीवाल्या बाईने तो कागद वाचला. "छान आखलंय हो कुणीतरी! पण तुम्ही तिसरा आणि चौथाच दिवस म्हणताय. काकू, खरी मजा पहिल्या दोन दिवसांत आहे. तळं नाही बघितलं तर काय बघितलं?"

"ते बघून झालंय," बायको म्हणाली.

"काकांचं झालं असेल. तुमचं?"

मेकॅनिकने घसा खाकरला. "दोनच दिवस करा. रोपवे आणि लाकडी खेळण्यांचं संग्रहालय. आणि शेवटच्या दिवशी हे काय लिहिलंय ते."

"मोकळा वेळ," बाईने वाचलं.

"हां. तेच."

पुढच्या महिन्यात दोघं गेली. संग्रहालय बघून झालं. रोपवेपाशी पोचली तर तिकिटाच्या खिडकीवर पाटी: दुरुस्तीसाठी बंद.

"बंद म्हणजे? आजच कसं बंद?" बायको खिडकीतल्या माणसावर ओरडली. "उघडा! आम्हाला आजच जायचंय. आजच!" पंधरा महिन्यांत तिचा आवाज चढला नव्हता. रांगेतले लोक वळून बघू लागले.

मेकॅनिकने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः आत डोकावून आला. दोन माणसं चाकाच्या बेअरिंगला ग्रीस लावत होती.

"तासाभराचं काम आहे," तो म्हणाला. "नीट करतायत. घाई नको करायला."

"नको," ती म्हणाली. "घाई नको."

तासाचे दोन तास झाले. मग पाळणा सुटला आणि सहा मिनिटांत दोघं वर पोचली. वर धुकं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. कठड्याला टेकून दोघं थोडा वेळ उभी राहिली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच दिसतंय."

"तिने हसून हसून पोट धरलं असतं."

त्याला हसू आलं नाही आणि रडूही नाही. त्याने तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. टपरीवर चहा घेऊन दोघं खाली आली.

दुसऱ्या दिवशीच्या मोकळ्या वेळाचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. न्याहारी झाल्यावर ती "जरा पडते" म्हणाली आणि बूटसुद्धा न काढता झोपली. त्याने तिचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली. बाहेर ऊन पडलं होतं. डोंगर अगदी जवळ होते, आणि बरेच होते. तो ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत बसला.

दुपारी विमानतळावर नेणारी गाडी आली. ती अजून गाढ झोपेत होती. तो जिना उतरून खाली गेला.

"निघायचं ना, साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"अर्धा तास थांबता येईल का? बायको झोपलीये." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि गाडी हळू चालवा."