रविवारचं औषध

दीपमालाने पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून डॉक्टरांच्या टेबलावर मांडली.

“एवढंच. बाहेरचं काही नाही. आत्याबाईंना पाणीसुद्धा मीच देते.”

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाचला. पित्ताशयाचा कॅन्सर केमोला दाद देत नव्हता. या नव्या इम्युनोथेरपीने मात्र गाठ आकसू लागली होती. नवरा भाग्येश कचरत असताना दीपमालानेच हट्ट धरून सासूला ती सुरू करायला लावली होती. आता यकृत एवढं सुजलं होतं, की पुढची सलाईन देता येणार नव्हती. पुन्हा कधी देता येईल, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

बाहेर सासू, दगूबाई, बाकावर बसली होती. भाग्येश शेजारी उभा होता.

“तोंड असं काबर करी ऱ्हायनी? काय सांगं डॉक्टरनी?” तिने बाहेर आलेल्या सुनेला विचारलं.

“आज सलाईन नही, आत्याबाई. लिव्हर सुजेल शे. बाहेरनं काही औषध खातस का, इचारं. मी सांगं, नही.”

भाग्येशने मान खिडकीकडे वळवली. दीपमालाला तेवढं पुरलं.

“तुम्ही काय दिधं त्यास्ले?”

“त्याले कसाले दटाडस? मीच लिधं,” दगूबाई म्हणाली. “दर ऐतवारे, खापर गावले, वैदूकडे. मुळी घासीसन ताकमा देतस, उपाशी पोटे. कोणले सांगं तं गुण येत नही. म्हनीसन तुले सांगं नही.”

रविवारी मायलेक पहाटेच लोणखेड्याहून निघत. प्रकाशाच्या तीर्थाला, देवदर्शनाला जातो म्हणून. पोरगा आईला वेळ देतो, म्हणून दीपमाला शेजारणींजवळ त्याचं कौतुक करत असे.

“तुमले तं बठ्ठं माहीत व्हतं,” ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

“ना कसं म्हनू?” भाग्येश पुटपुटला. “काविळना औषधले ना म्हनतू, तं मायनी इचारं असतं, ‘काबर?’”

कावीळ. तपासणी झाली तेव्हा दगूबाईचे डोळे पिवळे होते. सासूपासून कॅन्सर लपवायला हा शब्द दीपमालाला आयताच सापडला होता, आणि तिनेच नवऱ्याला शपथ घालून तो पाठ करायला लावला होता.

“तूच तं सांगं, कावीळ शे,” दगूबाई हसली. “डॉक्टरना भरोसा नही व्हता माले. तुन्हा व्हता.”

कोणी हसलं नाही. दगूबाईने सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. तिचं हसू मावळलं.

“चहा लई येस,” म्हणून भाग्येश निघून गेला.

दगूबाई बाकावर जरा सरकली.

“बस. आते खरं सांग.”

दीपमाला बसली. तिने सासूचा हात हातात घेतला. दगूबाईने तो हळूच सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.