पितृदोषाचं लाल फडकं

डिलाईल रोडच्या त्या चाळीच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तारकनाथ महाराज रोग्याच्या अंगाला भंडारा चोळत, कमंडलूत बुडवलेल्या फडक्याने पुसत, आणि पांढरंशुभ्र फडकं लालभडक होई.

"बघा, पितृदोष बाहेर पडला! डॉक्टर कापतो कातडी, आम्ही उपटतो मूळ!"

रांगेत रंजिता होती. चेहऱ्यावर-पाठीवर सव्वीस शस्त्रक्रियांचे व्रण. त्वचेचा कर्करोग, एक गाठ काढली की दुसरी उगवे. वडील त्यातच गेले. गुरुवारी डोळ्याजवळची नवी गाठ काढायची होती. "ती सुरी पुरे झाली गो बाय," म्हणत आईने, सुभद्राबाईंनी, तिला इथे आणलं होतं. वाद घालावा एवढंही रंजिताच्या आत काही हलत नव्हतं.

तिचा नंबर आला. फडकं लाल झालं. आई रडू लागली. रंजिताचा गाल नुसता चुरचुरला.

"आता शस्त्र लागलं, तर दोष दुप्पट!" महाराजांनी बजावलं.

चुरचुर तिच्या ओळखीची होती. माटुंग्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची.

"आता आईला पुसा," ती सपाट आवाजात म्हणाली.

"मातेला कसला दोष? दोष तुझ्या बापाच्या कुळाचा!"

"म्हणूनच पुसा. फडकं पांढरं राहिलं पाहिजे."

महाराज घुटमळले. रांगेत शेजारी उभ्या शांतीमावशींनी सरळ नवं फडकं कमंडलूत बुडवलं, सुभद्राबाईंच्या गालाला भंडारा लावला आणि पुसलं. लाल! मग स्वतःच्या मनगटाला भंडारा लावून दुसऱ्या फडक्याने पुसलं. तेही लाल!

"काय वो महाराज, माझे पितर तर वरळीच्या कोळीवाड्याचे, त्यांचा पण हाच दोष काय?"

गर्दी हसली. रंजिता हसली नाही.

"भंडारा म्हणजे हळद. पाण्यात चुना आहे, म्हणून गाल चुरचुरला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात."

महाराजांनी कमंडलू उचललं आणि वाट धरली.

घरी आईने विचारलं, "मग तुझ्या बाबांनी काय पाप केलं होतं?"

"काही नाही. त्यांच्या जनुकात जन्मापासून एक बिघाड होता. तो माझ्यात आला. त्यांचं नाक आलं, तसाच."

गुरुवारी गाठ पूर्ण निघाली.

"परत येतली?" आईने रंजिताला विचारलं.

"येईल. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, लहान असतानाच काढायची."

दुसऱ्या दिवशी शेजारणी विचारपूस करायला आल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, "अंगावर डाग वाढताना दिसला, जखम भरेना, तर आधी डॉक्टरला दाखवा. ह्यांना मी आठ वर्षं अंगारे लावले. ती आठ वर्षं मी आजाराला दिली."