कार्डातली जागा

"फोन सारखा अडकतोय. बघा ना जरा," बायको म्हणाली आणि शिलाई मशीनवरून न उठताच तिने फोन माझ्याकडे सरकवला. "पण आतलं काही पुसू नका हं."

पुसू नका! पंधरा वर्षं मी लोकांच्या मेमरी कार्डात गाणी आणि सिनेमे भरतोय, आणि ही मला शिकवणार. माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि काचेखाली मांडलेले चार्जर. कार्ड हातात आलं की माणूस कळतो. ट्रकवाल्याला मारामारी लागते, दवाखान्यातल्या नर्सबाईंना रडकी गाणी. फक्त बायकोचं कार्ड मी कधी भरलं नव्हतं. आज भरू, उद्या भरू, असं चाललं होतं.

दुकानात जाऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे 'मधुर'! आमच्या धंद्यात गाणं भरताना त्याला दुकानाचं नाव चिकटवतात, म्हणजे ते वाजताना स्क्रीनवर आपली जाहिरात होते. 'मधुर' म्हणजे समोरचा चष्मिस. दोन वर्षांपूर्वी त्याने रस्त्यापलीकडे दुकान थाटलं आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली. ते मी गिळलं. पण ही? मशीन चालवताना कानात वायर घालून ती मध्येच स्वतःशी हसायची. ते हसू मी कितीदा पाहिलं होतं. ते त्याने भरून दिलेल्या गाण्यांचं होतं तर!

मला हेवा वाटला. साधासुधा नाही.

मी 'मधुर' शोधून काढलं. तीनशे बारा फायली. एकेक नाव वाचायचा धीर कुणाला होता? सगळ्या एकदम निवडल्या आणि उडवल्या. मग माझ्याकडची निवडक चारशे गाणी आणि वर तीन सिनेमे असं ठासून भरलं, अगदी कार्ड फुल्ल होईपर्यंत. प्रत्येकाला माझ्या दुकानाचं नाव. बसून शीळ घालत होतो मी.

दुपारी जेवायला घरी गेलो. तिने वायर कानात घातली, बोटाने स्क्रीन वरखाली केली, पुन्हा केली.

"बाबा कुठे गेले?"

"कुठले बाबा?"

"माझे. त्यात होते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला कापडाचा तुकडा नीट घडी करून ठेवला. "लहानपणी बाबांनी माझे पाढे कॅसेटवर घेतले होते. दुकानात कपडे शिवता शिवता. मागे त्यांच्या मशीनचा आवाज होता. तुम्हाला दिली होती ना ती कॅसेट? आठ महिने तुमच्या खणात पडून होती. शेवटी मीच समोरच्या दुकानात नेली."

"मग कॅसेट आहे ना?"

"मधुरवाल्यांनी एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. दुसऱ्यांदा लावली तर टेपचे तुकडे झाले." मग ती म्हणाली, "पुसू नका म्हटलं होतं."

पुसलेलं परत आणता येतं. रोज चार गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो: पुसलं तर घाबरू नका, फक्त वर काही नवीन भरू नका. आणि मी वर चारशे गाणी भरून बसलो होतो. दुकानात जाऊन तासभर खटपट केली. माझीच गाणी सापडत राहिली.

आता उरला चष्मिसचा कॉम्प्युटर. पण नवीन सिनेमांना जागा हवी म्हणून जुनं सगळं आम्ही महिन्याला साफ करतो. मी करतो, तोही करत असणार. दोन वर्षांत मी तो रस्ता ओलांडला नव्हता. त्याच्या टेबलासमोर तीन गिऱ्हाइकं होती. मी चौथा उभा राहिलो. ती तिन्ही माझीच जुनी गिऱ्हाइकं.

"दादा, तुम्ही?" तो खुर्चीवरून उठलाच.

"तुझ्या वहिनींच्या बाबांची फाईल आहे का तुझ्याकडे? माझ्या हातून गेली."

त्याने कशी गेली ते विचारलं नाही. "ती कशी पुसेन? दुसरीकडे कुठे नव्हती ना," म्हणाला आणि खात्री करायला त्याने ती स्पीकरवर लावली. खटखट मशीन. मग एक चिमुरडा आवाज: सात साते एकोणपन्नास, सात आठे... सात आठे... मशीन थांबलं. "छप्पन्न, बाळा," एक माणूस म्हणाला. आणि ती मुलगी हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

मी दिलेलं कार्ड त्याने लावलं. "कार्डात जागाच नाही, दादा."

"माझी गाणी काढ."

"किती?"

"सगळीच काढ."

फाईल जाताना तो जरा अडखळला. "याला आमचं नाव लागलंय. सवयीनं लागतं. काढू का?"

ओठांवर 'काढ' आलं होतं. "राहू दे," मी म्हणालो. "काम तू केलंयस."

संध्याकाळी घरी मशीन चालू होतं. मी दारात उभा राहिलो. तिच्या कानात वायर होती. मशीन मध्येच थांबलं, ती हसली, पुन्हा चालू झालं. माझी चारशे गाणी कुठे गेली, ते तिने विचारलं नाही.