अकरा हाका

अलेक्झांड्रियाच्या बहरी वस्तीतल्या मशिदीला लागून असलेल्या दवाखान्यात 'सोबत मंडळ' स्थापन झालं, तेव्हा पहिल्याच सभेत चौदा सभासद मिळाले. पैकी नऊ जण समित्यांवर गेले आणि उरलेल्या पाच जणी आजाऱ्यांपाशी बसू लागल्या. काम साधं होतं. ज्या घरात कायमचं दुखणं मुक्कामाला आलंय, त्या घरच्या बाईला आठवड्यातून दोन तास सुट्टी द्यायची. सुट्टीत तिनं काय करावं, याबद्दल मंडळाची नियमावली गप्प होती.

इन्शिराह झोपायची.

तिचा नवरा शौकी तिथल्याच बंदरात क्रेन चालवायचा. आता कंपवातानं त्याचं अंग असं आखडलं होतं की, रात्री त्याला आपल्या आपण कूसही बदलता येत नसे. दर तासाला तो हाक मारी, "अगं ए, मेलीस का?" लग्नाला एकतीस वर्षं झालेली असल्यानं इन्शिराहला ही हाक प्रेमळच वाटे. ती उठे, त्याला वळवी, पुन्हा आडवी होई. मंगळवारी चार वाजता मात्र मंडळातर्फे दोन मजले वरची एतिदाल खाली येऊन शौकीपाशी बसे आणि इन्शिराह वर जाऊन तिच्या पलंगावर अंग टाकी. सहाला एतिदाल वर येऊन तिला उठवी, चहा करी, आणि दोघी दहा मिनिटं बोलत बसत.

अशाच एका चहाला इन्शिराह बोलून गेली होती. मागच्या हिवाळ्यात एका रात्री शौकी हाका मारत होता आणि ती न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, फरशीवर बसून राहिली होती. मोजत. अकरा हाका झाल्या. बाहेर आल्यावर तिनं पोट बिघडल्याचं सांगितलं. पुढे आठवडाभर शौकी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तिच्यासाठी जिऱ्याचं पाणी करवून घेत होता. स्वतःच्या तपासणीला गेला, तेव्हा डॉक्टरशीही आधी तिच्या पोटाबद्दलच बोलला.

"हे कुणाला सांगू नकोस," इन्शिराह म्हणाली होती.

"वेडी आहेस का?" एतिदाल म्हणाली होती.

वसंतात मंडळानं आदर्श सेवेचा सत्कार करायचं ठरवलं आणि मान इन्शिराहला मिळाला.

"शौकीला घेऊन ये हं," एतिदाल बजावून गेली. "खुर्ची पहिल्या रांगेत."

"तो काय नवरदेव आहे?"

"अगं, पेशंटच नसेल तर सेवा दिसणार कशी?"

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दवाखान्याचा हॉल भरला. अध्यक्ष लबीबसर निवृत्त शाळा-तपासनीस होते, आणि हाती आलेला माइक परत करण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दोन पानी माहितीपत्र उघडलं.

"थंडीची रात्र! नवरा हाका मारतोय. आणि ही माउली? न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, फरशीवर बसलीय. एक हाक... दोन हाका... बंधुभगिनींनो, अकरा!" आकडा बोटांवर दाखवायला त्यांना दहा बोटं पुरेनात. "पण बाराव्या हाकेला ती उठली! याला म्हणतात धीर!"

हॉलमध्ये रुमाल निघाले. इन्शिराहनं शौकीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं आजारानं आधीच पुसून नेलं होतं, त्यामुळे तिथं काही सापडेना. कुणीतरी तिच्या हातात मखमली डबीतली पितळी ढाल दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एतिदालनं सगळ्यांत जोरात.

घरी जाताना चाकांची खुर्ची ढकलत इन्शिराह म्हणाली, "शौकी, ते जे त्यांनी..."

"पुढे खड्डा आहे," तो म्हणाला.

त्या रात्री त्यानं हाक मारली नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवारीही नाही. ती सवयीनं दर तासाला जागी व्हायची आणि तो उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत असायचा. ती न विचारता त्याला वळवायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

मंगळवारी चारच्या ठोक्याला बेल वाजली. एतिदाल रव्याच्या गोड बसबुशाची ताटली घेऊन उभी होती.

"काय गं, असा चेहरा? सत्काराची दृष्ट लागली का?"

"ते तू लिहिलंस."

"मग कोण लिहिणार? लबीबसर म्हणाले, नुसतं 'सेवा करते' चालणार नाही, सगळ्याच करतात. काळजाला भिडणारं हवं. बाकीच्यांचं अगदीच फिकं होतं, बाई. तुझंच पहिलं आलं."

"मी तुला सांगितलं होतं. मंडळाला नाही."

"पण वाईट काय लिहिलं मी? शेवटी उठलीस असंच लिहिलं ना? माझी सून रडली. माझ्या आईच्या मयताला नव्हती रडली ती!"

"तो समोर बसला होता."

"त्याला आता कुठं एवढं कळतंय?"

"हात थरथरतात त्याचे, एतिदाल. कान नाही."

एतिदालनं ताटली या हातातून त्या हातात घेतली. "बरं, चुकलं म्हण. जा आता वर. चादर बदललीय. डोळे बघ तुझे, खोबणीत गेलेत."

इन्शिराहचा एक पाय खरोखरच जिन्याकडे वळला. चार रात्रींची झोप त्या पायात साठली होती. तिनं तो मागे घेतला.

"तू येत जाऊ नकोस आता."

"अगं, मग झोपणार कुठं तू?"

हे टोमणा म्हणून विचारलं असतं, तर बरं झालं असतं. एतिदालला खरंच काळजी वाटत होती. इन्शिराहनं दार लावलं. सपाता थोडा वेळ बाहेर घुटमळल्या, मग दोन मजले चढून गेल्या. बसबुसाही गेला.

आत शौकी जेवल्यापासून डाव्या कुशीवर पडून होता. खांदा पार लाकूड झाला असणार.

"वळवू का?"

"तुला सवड असेल तर."

तिनं एक हात खांद्याखाली घातला, दुसरा गुडघ्याखाली, आणि त्याला उजवीकडे वळवलं. पाठीशी उशी लावली.

"आभारी आहे," शौकी भिंतीकडे बघत म्हणाला. बंदरात साहेबांशी तो असा बोलायचा.