भीतीवरच्या गोळ्यांची बाटली

मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. मित्रांनो, आज माझ्यात पाणी आणि मनीप्लँटची फांदी आहे, पण एके काळी मी फार भाव खात असे.

माझा जन्म कारखान्याच्या भट्टीत झाला. गार झाल्यावर माझ्या पोटात पांढऱ्या गोळ्या भरल्या आणि अंगावर लेबल चिकटवलं : 'शांत मन, निवांत झोप'. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच होते.

मी एका केशकर्तनालयात आले. मालकांना सगळे 'दादा' म्हणत. त्यांचा हात हलका होता. पण हल्ली त्यांच्या छातीत अचानक धडधडे, तळहात घामेजत, आता आपण मरणार असं वाटे. वस्तरा हातात घेताना तर फारच. "आज वस्तऱ्याला धार नाही," असं खोटंच सांगून ते गिऱ्हाइकं परत पाठवत.

मला त्यांच्या मेहुण्यांनी आणलं होतं. "भावजी, अगदी नैसर्गिक आहे. घ्या बिनधास्त!" माझ्यामागून आणखी तीन बाटल्या आल्या. दादा सगळ्यांतल्या गोळ्या घेत. सुरुवातीला बरं वाटलं, मीही फुशारले. मग त्यांना दिवसभर पेंग येऊ लागली, पोट बिघडलं आणि धडधड काही हटेना. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

एका दुपारी खुर्चीत निवृत्त बसकंडक्टर काका होते. एक गाल झाला आणि दादांच्या छातीत धडधडू लागलं. वस्तरा बाजूला ठेवून ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"काका, तुम्ही जा. माझं काही खरं नाही."

"या अवतारात कुठे जाऊ? कुत्री मागे लागतील!" काका फेसासकट त्यांच्या शेजारी बसले. "माझ्याबरोबर श्वास सोडा. सावकाश. आपला स्टॉप आला की उतरू."

हळूहळू धडधड ओसरली. दादांनी सगळं सांगून टाकलं. काकांनी आम्हा चौघींना पिशवीत घातलं आणि अर्ध्या दाढीनिशी दादांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी नीट तपासलं. "हृदय ठणठणीत आहे. पण या दोन बाटल्यांत एकच औषध आहे, नावं फक्त वेगळी. ही तिसरी तुमच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालत नाही. पेंग हिचीच."

"आणि ही?" दादांनी मला उचललं.

"हिनं काहींना थोडं बरं वाटतं. हवी तर घ्या, मी सांगेन तेवढीच. पण एकटीच्या जिवावर ही तुमची भीती घालवणार नाही."

क्षणभर मी खट्टू झाले. मग मात्र हलकं वाटलं. केवढं ओझं उतरलं होतं माझ्यावरचं!

दादा समुपदेशकांकडे जाऊ लागले. घरी वहिनींनाही त्यांनी सांगितलं. "एवढं मनात ठेवून बसलात? मी काय परकी आहे?" म्हणून त्या रागावल्या, रडल्या आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला निघाल्या. धडधड अजूनही कधीतरी येते; पण दादा आता तिला ओळखतात, खुर्चीत बसतात, ती जाऊ देतात. वस्तराही पुन्हा हातात आला आहे.

मित्रांनो, आम्हा बाटल्यांना जपून वापरा. आमच्या लेबलावर भाळण्याआधी आम्हाला डॉक्टरांना दाखवा आणि काय घेता ते लपवू नका. कुणी घाबरलं, तर त्याच्या हातावर नुसती गोळी ठेवून निघून जाऊ नका. माझ्या पोटात गोळ्या पुष्कळ मावल्या. पण शेजारी बसायला माणूसच लागतं.