राजाचं भांडं

राजवाड्याच्या दारातच डोरोथीबाईंनी पदर नाकाला लावला.

राजवाडा तरी कसला! दुबईतल्या एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये प्लायवूडचा उभा केलेला. कोरियातल्या कुठल्या जुन्या राजवाड्याची म्हणे हुबेहूब नक्कल. लाल खांब, छपराखाली हिरवी-निळी नक्षी, आणि पाहुण्यांच्या स्वागताला तोंड उघडं टाकलेलं हे भलंमोठं मडकं. आत मीठ-मिरची लावून आंबवलेला कोबी.

"इसमें नमक में रखे छोटे झींगे भी डालते," गाइड पोरगी म्हणाली. पोरगी हैदराबादची, नाव शहनाझ, अंगावर फुग्यासारखा कोरियन घागरा. हिंदीवाल्यांच्या तुकडीला राजवाडा दाखवायचं काम तिचं.

"जवळा!" डोरोथीबाई किंचाळल्या. "मेल्यांनी कोबीत जवळा कुजवलाय!"

"ग्रॅनी, यू ड्राय बोंबील ऑन द टेरेस!" नात टेसा खिदळली. या कोरियन वेडापायी तिनेच आजीला आणि आईला अल कुसैसच्या घरून ओढून आणलं होतं.

"बोंबील उन्हात वाळतो गं, चारचौघांदेखत. हे असं मडक्यात लपवून सडवत नाही आम्ही."

लपवण्याचं नाव निघालं आणि बाईंनी पदर पुन्हा नाकाला लावला. लपवत तर त्याही होत्या. ईस्टरच्या आधीपासून संडासात रक्त दिसत होतं. आधी मिरचीवर ढकललं, मग मूळव्याधीवर. आता वजनही उतरलं होतं, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. पण ही गोष्ट त्यांना आणि देवाला ठाऊक, तिसऱ्याला नाही. शुक्रवारचं विमान पकडायचं, वसईला जायचं, आणि व्हायचं ते आपल्या भिंतींच्या आत होऊ द्यायचं. सिमेटरीत नवऱ्याशेजारी जागा आहेच. मॉरिस पोटचा पोर खरा, पण पुरुष. त्याला असलं सांगतात होय? आणि सुनेला सांगण्यापेक्षा जीभ तोडून दिलेली बरी.

सुनेचं नाव केली. हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर. लग्न ठरलं तेव्हाच बाई बोलून गेल्या होत्या, "दुसऱ्यांचे संडास तपासायचा पगार खाणारी मुलगी माझ्या घरात?" केलीने ते ऐकलं होतं, आणि नंतर कधी उच्चारही केला नव्हता. बाईंना त्याचाच जास्त राग यायचा.

पुढच्या दालनात फरशीखालून धूर फिरवून झोपायची खोली गरम ठेवायची तऱ्हा दाखवली. "बाहेर उन्हात माणसाची भाकरी भाजतेय, आणि इथे गरम फरशीचं कौतुक!" बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. केलीने वळून पाहिलं.

मग शहनाझ एका लाकडी चौरंगासारख्या वस्तूपाशी थांबली. वर लाल कापड, मध्ये भोक, खाली सरकवलेलं तांब्याचं भांडं.

"ये बादशाह का कमोड. बादशाह उठा, कि नौकर बर्तन ले के सीधा हकीम के पास. हकीम रंग देखता, बास लेता. कभी-कभी ज़ुबान पे रख के भी देखता, बोलते."

"शी! शी! शी!" डोरोथीबाई ओरडल्या. "अरे माणसं आहात की डुकरं? त्यापेक्षा राजाने जीव द्यावा!"

तुकडीत हशा पिकला. टेसाने भांड्याचा फोटो काढला. मागचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "यल्ला, आता जेवायला चला!" आणि पुन्हा हशा.

डोरोथीबाई मात्र भांड्यापासून हलेनात. किळस येत होती, तरी डोळे तिथेच. केवढा मोठा राजा, लोक पायाशी लोळणारे, आणि रोज सकाळी याची चव्हाट्यावर शोभा! लाज कशी वाटली नसेल मेल्याला? मॉरिस लंगोटात होता तेव्हा त्याही बघायच्याच की. हिरवं झालं, फेसाळ झालं, डॉक्टरला बिनदिक्कत सांगायच्या. पण ते लेकराचं. म्हाताऱ्या बाईचं कोण बघणार?

"ए पोरी," त्यांनी शहनाझला हाक मारली, "उसमें खून दिखा तो?"

"आंटी?"

"राजा के उसमें. खून दिखा तो हकीम क्या करता था?"

शहनाझ गडबडली. "वो तो मेरे को नहीं मालूम, आंटी. हमको इत्ताच सिखाए."

"मग घागरा घालून कशाला मिरवतेस?" बाई फिसकारल्या. तुकडी पुढच्या दालनाकडे सरकली. टेसाही गेली.

केली तिथेच थांबली. ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली, भांड्याकडेच बघत.

"कधीपासून, मम्मा?"

"काय कधीपासून? मी राजाचं विचारत होते."

"राजा मेला, मम्मा. तुमचं सांगा."

"तोंड सांभाळ, केली."

"लाल असतं की काळं?"

काही न वाटता विचारलं, बाजारात टोमॅटोचा भाव विचारावा तसं. डोरोथीबाईंना संताप आला, शिसारी आली, आणि त्या संतापातच तोंडून निघून गेलं, "काळपट. कधी लाल. ईस्टरच्या आधीपासून." मग पदर तोंडावर दाबून म्हणाल्या, "घाण वाटते गं मला. माझीच."

"मला नाही वाटत," केली म्हणाली. "शुक्रवारचं तिकीट मी आजच बदलते. उद्या सकाळी हॉस्पिटल."

"बाई डॉक्टर पाहिजे. पुरुषाचा हात लागला तर तिथून उठून येईन."

"बघते."

"आणि मॉरिसला..."

"मॉरिसला मी सांगेन. तुम्ही नका बोलू त्याच्याशी यावर."

डोरोथीबाईंनी सुनेकडे पाहिलं. आतून टेसा ओरडली, "ममा! ग्रॅनी! कम नाऊ, दे आर सर्व्हिंग टी!"

"या घरातला चहा मी पिणार नाही," बाई म्हणाल्या आणि केलीचा दंड धरून बाहेरच्या दाराकडे निघाल्या.