पहिली दहा मुलं

पाळकाने पुस्तकांच्या गठ्ठ्यावर गुडघा रोवला आणि सुतळी आवळली. गाठ बसता बसता सुतळी तुटली, आणि वरची दोन जाडजूड पुस्तकं घसरून जमिनीवर आपटली. बायको भिंतीशी बसून कपबश्या जुन्या कागदांत गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"प्रभूचं ओझं हलकं आहे, हलकं आहे म्हणून इतकी वर्षं लोकांना सांगत होतात," ती म्हणाली. "आता उचला."

एरवी तो हसला असता. चर्चच्या मागच्या या तीन खोल्या आज रिकाम्या करून द्यायच्या होत्या. संध्याकाळच्या गाडीने दोघं तिच्या भावाकडे निघणार होती. भावाचा छापखाना होता, आणि तिथे छापायचा मजकूर तपासायला एक माणूस हवा होता. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांना पाळकाने सांगितलं होतं की आपला घसा गेला, डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे. वडीलजनांनी हळहळ व्यक्त केली आणि त्याच बैठकीत नवा पाळक ठरवून टाकला. घसा ठणठणीत होता. घसा गेलेला माणूस रात्रभर एवढा कसा घोरतो, असं बायकोने एकदा विचारलं होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. गेले कित्येक महिने तो प्रार्थना करायला डोळे मिटायचा आणि त्याला वाटायचं, आपण रिकाम्या घराची कडी वाजवतो आहोत. आत कोणी नाही, आणि शेजारी आपल्याकडे बघत आहेत. तरी दर रविवारी तो उभा राहायचा आणि बोलायचा. बोलणं काय, जिभेच्या अंगवळणी पडलेलं होतं. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे, त्याचा हात हातात घ्यायचे, आणि त्याला स्वतःची शिसारी यायची.

निरोपाच्या रविवारी त्याने प्रेषिताच्या निरोपाचा उतारा घेतला होता. बंदरावर सगळे प्रेषिताच्या गळ्यात पडून रडतात, आता तुझं तोंड पुन्हा दिसणार नाही म्हणतात, असा तो उतारा. इथे कोणी रडलं नाही. वडीलजनांपैकी एकाने मनगटावरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं. जे गाव तुमचं ऐकणार नाही तिथली धूळ पायांवरून झटकून पुढे जा, असंही शास्त्रात आहे. पण ते ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही होतं त्यांच्यासाठी. आपल्या पायांना धूळ लागावी इतकं तरी आपण इथे चाललो का, याचाच त्याला संशय होता.

"शिलाईवाल्या मावशींकडे जाऊन आलात?" बायकोने विचारलं.

त्याने तुटलेली सुतळी सरळ करायला घेतली.

"रविवारीच सांगितलं होतं मी तुम्हाला. शेवट ऐकायचाय म्हणाल्या. ज्याने सुरुवात वाचली त्यानेच शेवट वाचावा, म्हणाल्या." तिने एक बशी कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली. "नाही गेलात तर छापखान्यातसुद्धा सुखाने बसू शकणार नाही तुम्ही. मी ओळखते तुम्हाला."

या मंडळीत बुधवारची एक जुनी रीत होती. बुधवारी संध्याकाळी पाळकाने शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, अगदी पहिल्या पानापासून, काहीही न गाळता. उपदेश नाही, गाणं नाही, नुसतं वाचन. पाळक बदलला की नवा पाळक पुन्हा पहिल्या पानावर यायचा. इथे कोणी पाळक फार टिकत नसे, त्यामुळे जग निर्माण झालेलं या लोकांनी कितीदा तरी ऐकलं होतं. त्या जगाचं पुढे काय झालं तिथपर्यंत सहसा गाडी जात नसे. हा पाळक त्यातल्या त्यात चिवट निघाला. तो ईयोबाच्या गोष्टीपर्यंत पोचला. ईयोब म्हणजे ज्याची गुरंढोरं, नोकरचाकर आणि दहाच्या दहा मुलं एका दिवसात गेली, आणि जो राखेत बसून देवाला जाब विचारत राहिला, तो माणूस. गेल्या बुधवारी ईयोबाचं बोलणं संपलं होतं. देवाने अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं.

शिलाईवाल्या मावशींचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी गोदामात मालाची थप्पी अंगावर कोसळून गेला. दफनाच्या वेळी पाळकाने ईयोबाचंच वचन वाचलं होतं: ज्याने दिलं त्यानेच नेलं, त्याचं नाव धन्य असो. सगळेच पाळक तेच वाचतात. ते छोटं आहे, तोंडपाठ असतं, आणि त्यात आक्रोशाला जागा नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी मावशींनी विचारलं होतं, हे कोण म्हणालं? त्याने सांगितलं. पुढे कित्येक महिने त्या चर्चमध्ये फिरकल्या नाहीत. बुधवारी ईयोब सुरू होतोय हे कोणाकडून तरी कळलं तेव्हा येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. तिसऱ्या बुधवारी ईयोबाने आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप दिले. वाचन संपल्यावर त्या पाळकाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे त्या दिवशी वाचलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

रिकाम्या घराची कडी वाजवण्याचे दिवस सुरू झाले ते तेव्हापासून.

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं. खिडकीखाली शिलाईचं मशीन, शेजारी चिंध्यांची टोपली, आणि मावशींच्या मांडीवर पाळकाचाच काळा झगा. झगा मंडळीच्या मालकीचा. नवा पाळक ठेंगणा होता म्हणून वडीलजनांनी तो आखूड करायला दिला होता. हा पाळक अजून गावात होता, पण झग्याला काय त्याचं. मावशींची नजर अधू झाल्याला आता दोन वर्षं होत आली होती. अक्षरं लागत नसत, माणसं आवाजावरून ओळखायच्या. टीप मात्र बोटांनी चाचपत सरळ घालायच्या.

"बसा. ती खुर्ची हलते, भिंतीला लावून बसा," त्या म्हणाल्या. "गाडी किती वाजता आहे?"

वेळ आहे, असं त्याने सांगितलं आणि पुस्तक उघडलं. आधी सहा अध्याय एका तरुणाचं भाषण होतं. ईयोबाचे तीन मित्र बोलून दमल्यावर हा उठतो, असं त्याने समजावलं.

"काय म्हणतो?"

"जवळपास तेच, जे आधीचे तिघं म्हणाले."

"मग सोडा. उंटावरचे शहाणे माझ्याकडेही येऊन गेलेत. देवाला लाडकी माणसं लवकर हवी असतात, म्हणाले. मी म्हटलं, तुमची मुलं ठणठणीत आहेत, देवाचं तुमच्याशी काही बिनसलंय का?"

त्याला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. त्याने सहा अध्याय उलटले आणि देव वादळातून बोलतो तिथपासून वाचायला लागला. मावशी झग्याच्या काठाला हाती टाके घालत ऐकत होत्या. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, देव विचारतो. बर्फाची कोठारं पाहिलीस का? डोंगरातल्या शेळ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का? पुढे शहामृगाची मादी येते. ती आपली अंडी धुळीत टाकून विसरून जाते आणि पिल्लांशी परक्यासारखी वागते, कारण देवाने तिला अक्कलच दिलेली नाही.

मावशींची सुई थांबली.

"तिला विसर देवानेच घातला?"

"असं लिहिलंय खरं."

"तिचं बरं केलंन्," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाका घातला.

तो वाचत राहिला. हा भाग त्याला एके काळी फार आवडायचा. शिकत असताना या अध्यायांवर त्याने तासभर प्रवचन दिलं होतं आणि गुरुजींनी पाठ थोपटली होती. आज त्याला ते एखाद्या बड्या घरमालकासारखं ऐकू येत होतं. दारात रडत आलेल्या भाडेकरूला मालक आपले वाडे, तबेले, बागा दाखवत सुटतो, तसं. घोडा झाला, ससाणा झाला, नदीतलं ते अजस्र जनावर झालं.

"मुलांबद्दल काही बोलला का?" मावशींनी मध्येच विचारलं.

"नाही."

"पुढे बोलतो?"

"नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली. शेवटचा अध्याय उरला होता. वाचावा की न वाचावा, हा प्रश्न जिना चढतानाच त्याच्या मनात होता. ईयोब धूळ आणि राख यांत गप्प होतो तिथेच पुस्तक मिटून 'संपलं' म्हणता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं. पण दफनाच्या दिवशी त्याने एकदा निवडून वाचलं होतं. आता निघायच्या वेळी निदान एक काम तरी सचोटीने करावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. त्याने सगळं वाचलं. देवाने ईयोबाचे दिवस पालटले. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल आणि गाढवं दुप्पट. सात मुलगे आणि तीन मुली झाल्या.

"मुलं दुप्पट नाहीत?"

"नाहीत. होती तेवढीच. दहा."

याच्यावर त्याच्याजवळ एक तयार तोडगा होता. पहिली दहा हरवलेलीच नाहीत, ती देवाघरी सुखरूप आहेत. म्हणून मुलांची संख्या दुप्पट केली नाही, एकूण वीस झालीच की! आधीच्या मंडळीत एका दफनाला त्याने हे सांगितलं होतं आणि लोक हुंदके देऊन रडले होते. ते वाक्य आताही जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"या मुलींची नावं दिलीत?" मावशींनी विचारलं.

"नव्या तिघींची आहेत." त्याने ती वाचून दाखवली. त्या फार सुंदर होत्या असं लिहिलंय, हेही सांगितलं.

"आणि आधीच्या दहांची?"

त्याने उगाचच पानं मागे नेली. त्याला ठाऊक होतं.

"नाहीत."

"एकाचंही?"

"एकाचंही नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी फळ्या उतरवत होतं. मावशींनी सुई झग्याच्या काठात खोचून ठेवली, झगा मांडीवरून उचलून मशीनवर ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"लिहिणाऱ्याला कशी असणार ठाऊक," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरातली थोडीच होती. पाळकसाहेब, एक करा. माझ्या मुलाचं नाव घ्या एकदा. बाकी काही मागू नका देवाकडे, नुसतं नाव घ्या. नवीन साहेब येतील, त्यांनी त्याला पाहिलेलंही नाही. तुम्ही त्याला माती दिलीत. तुम्ही गेलात की त्या चर्चमध्ये त्याचं नाव घेणारं कोणी राहणार नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि हात जुळवले.

पाळकाने डोळे मिटले. त्याला वचन आठवलं, अध्यायाचा आकडा आठवला. शवपेटी फाटकातून नेताना तिरकी करावी लागली होती ते आठवलं. गोदामातले मित्र कामाच्याच कपड्यांत आले होते; त्यातल्या एकाच्या बुटाचा बंद सुटला होता, तोही आठवला. मुलगा रविवारी उजवीकडच्या खांबापाशी बसायचा. सगळे त्याला 'उंचेला' म्हणायचे, कारण चर्चचे वरचे दिवे तो स्टूल न घेता बदलायचा. नाव त्या दिवशी पाळकाने तीनचारदा उच्चारलं होतं, हातातल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीचा निळा रंग आठवला.

नाव आठवेना.

मावशी थांबल्या होत्या. मग त्याच्या तोंडाने आपलं काम सुरू केलं. "हे दयाळू पित्या," तो म्हणाला, "या माउलीच्या लेकाला तू आपल्या कुशीत घेतलं आहेस. या घरच्या एकुलत्या एका दिव्याला..." शब्द सरसर येत होते. इतक्या महिन्यांत त्याला अशी प्रार्थना साधली नव्हती. आवाज जिथे भरून यायचा तिथे भरून आला. तू ज्याला नावाने हाक मारलीस, तो म्हणाला, आणि ज्याचं नाव तुझ्या तळहातावर कोरलेलं आहे. घसा अगदी मोकळा होता. डोळे उघडायचे नव्हते म्हणून तो थांबला नाही. आजारी लोकांसाठी बोलला, दुःखितांसाठी बोलला, आणि बोलायला कोणी उरलंच नाही तेव्हा त्याला थांबावं लागलं.

"आमेन," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. मावशींचा पदर खांद्यावर उतरला होता. झगा पुन्हा मांडीवर होता, आणि त्या बोटांनी काठ चाचपत टाके घालत होत्या. बऱ्याच वेळापासून घालत असाव्यात. मघापेक्षा काठ वीतभर पुढे गेला होता.

"मावशी," तो म्हणाला.

"तुम्हाला उशीर होईल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "जाताना दार ओढून घ्या."